वचन आणि खरेदीखत

शिलो, बेथेल, हेब्रोन, शखेम, तकोवा ही नावे आपल्या कानांना परकी नाहीत. मिस्साबलिदानाच्या वेळी पहिले वाचन चालू असते तेव्हा ती कधी ना कधी आपल्यापुढे येऊन जातात. शिलोच्या मंदिरात बाल शमुवेलाला देवाची हाक ऐकू आली, बेथेलच्या माळावर याकोबाने दगड उशाला घेऊन शिडीचे स्वप्न पाहिले, तकोवाचा मेंढपाळ आमोस आपली मेंढरे सोडून धनवंतांच्या दारी न्याय मागायला गेला. आपल्या मनात ही गावे एका पवित्र, काहीशा धूसर भूगोलात वसलेली असतात. परंतु गेल्या अर्धशतकात यांतील कितीतरी नावांच्या पाट्या यार्देन नदीच्या पश्चिमेकडील डोंगरमाथ्यांवर, कुंपणाआडच्या लाल कौलारू घरांच्या वस्त्यांवर लागल्या आहेत. १९६७ च्या जून महिन्यात सहा दिवसांच्या युद्धात इस्राएलने हा मुलूख जॉर्डनकडून जिंकून घेतला. जगातील बहुतेक राष्ट्रे त्याला व्याप्त प्रदेश मानतात, तेथे राहावयास गेलेले धर्मनिष्ठ यहुदी त्याला यहूदिया आणि शोमरोन म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे जैतून पिकवणारे पॅलेस्टिनी अरब त्याला नुसते 'आमचे गाव' म्हणतात.

या वस्त्यांविषयी आपण वृत्तपत्रांतून वाचतो ते गोळीबार, निषेध आणि ठराव यांपुरतेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या पुस्तकामुळे या भूमीच्या झगड्याची ओळख आपल्या घरांतून मराठीतच झाली. प्रस्तुत लेखात आम्ही त्याहून आटोपशीर काम हाती घेतले आहे. कुंपणाआड राहणारी ही माणसे वाङ्मयात आणि चित्रपटात कशी उमटली आहेत, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. त्यासाठी आम्ही पाच कृती निवडल्या. आमोस ओझ यांचे 'इन द लँड ऑफ इस्राएल' आणि डेव्हिड ग्रॉसमन यांचे 'द यलो विंड' ही वृत्तान्तपर पुस्तके, जोसेफ सीडर यांचा 'कॅम्पफायर' हा चित्रपट, असाफ गाव्रोन यांची 'द हिलटॉप' ही कादंबरी आणि रामल्लाचे वकील राजा शहादेह यांचे 'पॅलेस्टिनियन वॉक्स'. पहिल्या चौघांचे कर्ते इस्राएली यहुदी आहेत, आणि आमच्या मते त्यांच्या टीकेला वजन येते ते याच कारणामुळे. घरातल्या माणसाने घराविषयी बोललेले ते शब्द आहेत.

सर्व वसाहतकार एका साच्याचे नाहीत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. पूर्व यरुशलेम वगळता पश्चिम किनाऱ्यावर आज पाच लाखांच्या आसपास इस्राएली राहतात. मोदीईन इलित व बेतार इलित ही त्यांतील मोठी नगरे कर्मठ हरेदी यहुद्यांची आहेत आणि तेथे जाणाऱ्यांना प्रामुख्याने स्वस्त घराची ओढ होती. मआले अदुमीम, अरिएल यांसारख्या नगरांत निधर्मी कुटुंबेही पुष्कळ. आमचा विषय आहे तो संख्येने लहान, परंतु निश्चयाने मोठ्या अशा गटाचा. या डोंगरांवर घर बांधणे हीच ईश्वराची आज्ञा आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे.

ही श्रद्धा कोठून आली? रब्बी अब्राहाम इत्सहाक कूक (१८६५–१९३५) यांनी निधर्मी झायोनी तरुणांच्या नांगरातही ईश्वरी तारणाची चाहूल ऐकली होती. त्यांचे पुत्र रब्बी त्स्वी येहुदा कूक यांनी तो विचार डोंगरांपर्यंत नेला. १९६७ च्या युद्धापूर्वी तीनच आठवडे, स्वातंत्र्यदिनाच्या सभेत, त्यांनी आपल्या शिष्यांपुढे हेब्रोन, शखेम आणि यरीहो हातून गेल्याचा शोक केला. पुढे महिन्याच्या आतच ती तिन्ही गावे इस्राएली सैन्याच्या हाती आली. शिष्यांना ती भविष्यवाणी वाटली, यात नवल ते काय? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कफार एत्झिओनची वस्ती पुन्हा उभी राहिली. १९४८ च्या मे महिन्यात त्या गावातील माणसे कापली गेली होती, आणि परत आले ते त्यांचीच मुले. वसाहतींचा हा आरंभ विसरून त्यांच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. मात्र त्याच महिन्यात इस्राएली परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरोन यांनी शासनाला लिहून कळविले होते की, जिंकलेल्या प्रदेशात नागरी वसाहत करणे चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध आहे. तो कागद दप्तरात राहिला. १९६८ च्या वल्हांडण सणाला रब्बी मोशे लेविंगर आपल्या अनुयायांसह हेब्रोनच्या एका अरब हॉटेलात उतरले आणि सण सरल्यावर परत गेलेच नाहीत. १९७४ मध्ये 'गुश एमुनीम', म्हणजे श्रद्धावंतांचा गट, स्थापन झाला, आणि १९७५ मध्ये त्यांच्यातील काही तरुण रामल्लाच्या ईशान्येस, जॉर्डनी सैन्याने सोडून दिलेल्या एका छावणीत मुक्कामाला आले. संरक्षणमंत्री शिमोन पेरेस यांनी त्यांना तेथून हलविले नाही. तीच ओफ्रा वसाहत.

ओफ्राचे नाव येथे मुद्दाम घेतले, कारण पाच वर्षांच्या अंतराने दोन मोठे लेखक याच गावात जाऊन आले, आणि दोघांच्या दृष्टीतील फरक आम्हांस फार बोलका वाटतो.

आमोस ओझ १९८२ च्या शरद ऋतूत देशभर हिंडले. लेबनॉनचे युद्ध चालू होते आणि समाज दुभंगला होता. 'दावार' या दैनिकात आलेल्या त्या वृत्तान्ताचे १९८३ मध्ये पुस्तक झाले. ओझ स्वतः किबुत्सवासी, 'शांतता आता' चळवळीच्या आरंभापासूनचे कार्यकर्ते. तकोवात आणि ओफ्रात ते गेले ते विरोधक म्हणून, आणि गावकऱ्यांनीही त्यांना विरोधक म्हणूनच, पण पाहुणा म्हणून घरात घेतले. ओझ यांचे मोठेपण असे की, आपणांस न पटणाऱ्या माणसाचे बोलणे ते त्याच्याच सुरात, त्याच्याच तर्काने, न विटाळता मांडतात. ओफ्राच्या मंडळींपुढे त्यांनी केलेले भाषण पुस्तकात विस्ताराने आले आहे. यहुदी परंपरेची मक्तेदारी कोणा एका गटाकडे नाही, ती परंपरा म्हणजे पिढ्यांपिढ्यांचा वाद आणि अर्थनिर्णय आहे. राष्ट्र व राज्य ही साधने आहेत, पूजेच्या मूर्ती नव्हेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. गावकऱ्यांनी दिलेली उत्तरेही पुस्तकात आहेत. त्यांतील काही इतकी सतेज आहेत की वाचकाचा पाय क्षणभर घसरतो. आम्ही तर म्हणू, घसरलाच पाहिजे. ज्या पुस्तकात प्रतिपक्ष दुबळा दाखविला जातो, ते पुस्तक वादाचे नव्हे, प्रचाराचे.

तरीही ओफ्राची ही प्रकरणे वाचून संपल्यावर आम्हांस एक रिकामी खुर्ची दिसत राहिली. सभागृहात ओझ आहेत, वसाहतकार आहेत, प्राचीन संदेष्टे आहेत, युरोपातील छळछावण्यांच्या स्मृती आहेत. खालच्या सिल्वाद आणि ऐन याब्रुद या गावांतील, ज्यांच्या शेतांवर हे सभागृह उभे आहे, ते शेतकरी तेवढे नाहीत. पुस्तकाच्या अन्य प्रकरणांत अरब माणसे भेटतात आणि बोलतातही. पण ज्या खोलीत जमिनीचा निवाडा चालला आहे, त्या खोलीत त्यांना बोलावणे गेलेले नाही. तो वाद दोन भावांचा राहतो, उंच पातळीवरचा आणि व्यथेने भरलेला. आणखी एक गोष्ट त्या वेळी ओझ यांना ठाऊक नव्हती. जून १९८० मध्ये नाब्लुसचे महापौर बस्साम शाका यांचे दोन्ही पाय आणि रामल्लाचे महापौर करीम खलाफ यांचे पाऊल बाँबने तोडणाऱ्या गुप्त यहुदी संघटनेचा १९८४ मध्ये उलगडा झाला. यरुशलेमच्या सुवर्णघुमटाची मशीद उडविण्याचा कटही त्यात उघड झाला, आणि त्या कटाचे एक सूत्रधार येहुदा एत्झिओन हे ओफ्राच्या संस्थापकांपैकी होते. हे जाणून ते भाषण पुन्हा वाचले की त्याचा रंग पालटतो. शब्दांनी जिंकता येईल अशा समजुतीने एक सज्जन माणूस बोलत आहे, आणि ज्या गावात तो बोलत आहे त्याच गावात शब्दांवरचा विश्वास कोणी केव्हाच टाकून दिला आहे.

ग्रॉसमन ओफ्राला पोहोचतात ते दुसऱ्या वाटेने. १९८७ मध्ये, ताब्याला वीस वर्षे पुरी होत असताना, 'कोतेरेत राशीत' या साप्ताहिकाने त्यांना पश्चिम किनाऱ्यावर पाठविले. त्यांना अरबी येत होती, ही लहान वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यांचे पुस्तक बेथलेहेमजवळच्या देहेशे निर्वासित छावणीत, म्हाताऱ्यांच्या आणि बालवाडीतल्या मुलांच्या सोबतीने सुरू होते, म्हणून ओफ्रात ते शिरतात तेव्हा वाचकाच्या पायाला छावणीतला चिखल लागलेला असतो. ओफ्रात ते वाद घालीत नाहीत, एक साधी विनंती करतात. तुम्ही क्षणभर शेजारच्या गावातील अरबाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, तुम्हांला काय वाटेल ते सांगा. जी मंडळी शब्बाथच्या मेजावर परक्या लेखकाला मनापासून वाढतात, ज्यांच्या गावात शेजारी आजारी पडला तर जेवण आपोआप पोहोचते, त्यांना हे जमत नाही. काहींना जमू द्यायचे नाही. ग्रॉसमन यांना त्यात दुष्टपणा दिसत नाही. त्यांना दिसते ते कल्पनाशक्तीवर लावलेले कुलूप. आमच्या मते या विषयावरील साऱ्या वाङ्मयात यापेक्षा अचूक निरीक्षण नाही. पुस्तक आले त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला इंतिफादा पेटला, आणि ज्यांनी पुस्तकाला अतिरंजित म्हटले होते ते गप्प झाले.

येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. या वस्त्यांतील जीवनाची जी वर्णने या पुस्तकांतून येतात, ती आपल्या धर्मग्रामांतील माणसाला विलक्षण ओळखीची वाटतील. उपासनेभोवती गुंफलेला आठवडा, भरली घरे, मुलांच्या प्रार्थना, सणाच्या आदल्या दिवसाची धांदल, एकमेकांच्या सुखदुःखाला धावणे. शहरातील एकाकी माणसाला हेवा वाटावा असे ते जिणे आहे. हे सौंदर्य खोटे आहे असे या लेखकांपैकी एकही म्हणत नाही. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. सौंदर्य खरे असूनही ते ज्या जागेवर उभे आहे ती जागा दुसऱ्याची असू शकते.

त्या वर्तुळाच्या आत कॅमेरा नेला तो जोसेफ सीडर यांनी. ते स्वतः धार्मिक झायोनी घरात वाढलेले. 'कॅम्पफायर' (२००४) या चित्रपटाला इस्राएलमधील सर्वोत्तम चित्रपटाचा ओफिर पुरस्कार मिळाला. कथा १९८१ सालच्या यरुशलेममध्ये घडते. राखेल ही दोन वाढत्या मुलींची विधवा आई एका नव्या वसाहतीच्या संस्थापक गटात प्रवेश मिळावा म्हणून धडपडते आहे. डोंगराची, वचनाची, तारणाची तिला फारशी ओढ नाही. नवरा गेल्यावर आपल्याला कोणीतरी आपले म्हणावे, एवढीच तिची इच्छा. निवड समितीपुढे बसलेली ती बाई पाहताना मन कळवळते, कारण एकटी विधवा त्या समितीला नको आहे. मग शेकोटीच्या रात्री धाकट्या मुलीशी मुलांचे टोळके अत्याचाराचे वर्तन करते, गावगप्पांत मुलीलाच बोल लागतो, आणि गटाचा पुढारी आईला सुचवितो की हे वाढवू नये, प्रवेशाला बाधा येईल. वर्तुळाची अब्रू राखण्यासाठी एका मुलीला गप्प बसविणे ही गोष्ट केवळ यहुद्यांची नाही, हे गेल्या काही दशकांत ख्रिस्तसभेनेही जड मनाने अनुभवले आहे. राखेल अखेर त्या वर्तुळाकडे पाठ फिरविते. चित्रपटात अरब माणूस जवळजवळ नाही आणि काही समीक्षकांना ही उणीव वाटेल. आम्हांस मात्र वाटते की दिग्दर्शकाने बाहेरच्या अन्यायाचे मूळ आतच शोधले आहे. जो गट आपल्याच लेकराचे रडणे ऐकू इच्छित नाही, तो कुंपणापलीकडचे काय ऐकणार?

गाव्रोन यांच्या कादंबरीविषयी थोडक्यात. २०१३ साली हिब्रूत आलेली 'द हिलटॉप' 'मआले हेर्मेश सी' या काल्पनिक टेकडीवरील बेकायदा वस्तीची कथा सांगते. एक गृहस्थ शेळी आणि भाजीपाला घेऊन टेकडीवर जातो. मागोमाग एक फिरते घर येते, मग दुसरे. एक खाते पाडण्याचा हुकूम काढते, दुसरे वीज जोडून देते, तिसऱ्याला टेकडी कोठे आहे हेच माहीत नसते. सरकारी कारभाराची ही गंमत आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. कादंबरी पसरट आहे आणि तिच्यातील दोन भावांची पूर्वकथा आम्हांस लांबलेली वाटली, परंतु ईश्वरी आज्ञेच्या बरोबरीने दप्तरदिरंगाई आणि डोळेझाक यांनीही डोंगर व्यापले जातात, हे तिने हसत हसत दाखविले आहे. ओझ आणि ग्रॉसमन यांच्या गंभीर पानांत हे सुटले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या श्रद्धावंतांचा दावा पवित्र शास्त्रावर उभा आहे, आणि ते शास्त्र आपलेही आहे. म्हणून 'तो त्यांचा प्रश्न' म्हणून आपणांस बाजूला होता येत नाही. हा दावा त्यांनी केवळ प्रवचनांत केला असे नाही. १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या रुजेब गावातील जमीनमालकांनी एलोन मोरे वसाहतीविरुद्ध इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. शासनाचे म्हणणे होते की ही जमीन सुरक्षिततेसाठी घेतली. वसाहतकारांच्या वतीने मात्र शपथेवर सांगण्यात आले की, सुरक्षितता हे गौण कारण असून आम्ही येथे पूर्वजांना मिळालेल्या वचनामुळे, कायमचे राहावयास आलो आहोत. त्यांच्या या प्रामाणिकपणाने त्यांचाच खटला बुडाला. लष्करी गरज तात्पुरती असते आणि वचन चिरंतन, तेव्हा लष्कराच्या अधिकारात खाजगी जमीन घेता येत नाही, असे न्यायालय म्हणाले, आणि वस्ती अन्यत्र हलवावी लागली. त्यानंतर शासनाने १८५८ च्या तुर्की जमीन कायद्याचा आधार घेतला. जी जमीन काही वर्षे पड राहिली असेल ती सरकारजमा, आणि सरकारजमा ती वसाहतीला. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या कचेरीत खेपा घातलेल्या आपल्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळेल.

वचन मिळाले होते, हे आम्ही नाकारीत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात ते स्वच्छ आहे. पण त्याच पुस्तकाचा तेविसावा अध्याय उघडावा. सारा हेब्रोनला मरण पावली आहे. ज्या देशाचे वचन मिळाले त्या देशात अब्राहामापाशी पत्नीला पुरावयास वीतभर जागा नाही. तो वचन दाखवीत नाही. तो हित्ती लोकांपुढे नम्रतेने लवतो, आपण येथे परके व उपरे आहोत असे स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि मखपेलाची गुहा विकत मागतो. मालक एफ्रोन ती फुकट देऊ करतो, अब्राहाम घेत नाही. गावच्या वेशीत, सर्वांदेखत, चारशे शेकेल रुपे तोलून दिले जाते, आणि मग शेत, गुहा, हद्दीतील झाडे असा तपशील लिहून व्यवहार पुरा होतो. मराठीत याला खरेदीखत म्हणतात. याकोबानेही शखेमजवळचे शेत मोल देऊन घेतले, दावीद राजाने यरुशलेमातील खळे पैसे मोजून घेतले. ही तिन्ही स्थळे विकत घेतलेली आहेत, म्हणून त्यांवर कोणी बोट ठेवू शकणार नाही, असे प्राचीन रब्बी सांगत, आणि हेब्रोनचे वसाहतकार हाच दाखला अभिमानाने देतात. आम्हांस त्यातून उलट अर्थ निघतो असे वाटते. वचन ज्यांना मिळाले होते त्यांनाही शेजाऱ्याची जमीन घ्यावयास वचन पुरेसे वाटले नाही. मोल, साक्षीदार आणि मालकाची संमती त्यांना हवी होती. याच मखपेलाच्या स्थळी २५ फेब्रुवारी १९९४ रोजी किर्यात आर्बाच्या एका वसाहतकार डॉक्टराने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घातल्या.

राजाची उलटी गोष्टही शास्त्रात आहे, आणि ती याच शोमरोनच्या राजाची. अहाबाने नाबोथाचा मळा मागितला, मोल देऊ केले, पण नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकण्यास नकार दिला. पुढे खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथाचा जीव गेला आणि मळा राजाकडे आला. सारे कागदोपत्री चोख झाले होते. संदेष्टा एलिया आला तो त्यानंतर.

ओफ्राच्या कागदांविषयी बोलावयाचे तर, तो भाग जॉर्डनच्या काळातच मोजणी होऊन नोंदला गेला होता. 'बेत्सेलेम' या इस्राएली मानवाधिकार संस्थेने २००८ मध्ये दाखवून दिले की, ओफ्राच्या बांधलेल्या क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक जमीन नोंदवहीत पॅलेस्टिनी मालकांच्या नावे आहे. सिल्वादच्या मालकांनी न्यायालयात जाऊन निकाल मिळविला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ओफ्रातील नऊ घरे पाडण्यासाठी रिकामी करण्यात आली. त्या घरांतून बाहेर काढलेल्या मुलांचे रडणेही खरेच होते. त्याच महिन्यात इस्राएली संसदेने खाजगी जमिनीवरील अशी घरे नियमित करणारा कायदा केला, तो २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला.

जो आवाज ओझ यांच्या सभागृहात नव्हता, तो राजा शहादेह यांच्या पुस्तकात ऐकू येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्या वर्षी ऑर्वेल पारितोषिक मिळविलेल्या या पुस्तकात रामल्लाभोवतीच्या डोंगरांतील सहा भटकंत्या आहेत. लेखक ख्रिस्ती कुटुंबातील, व्यवसायाने वकील, आणि 'अल-हक' या मानवाधिकार संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. आयुष्यभर त्यांनी जमिनीचे खटले लढविले आणि बहुतेक हरले. यरुशलेमच्या एका कुटुंबाचा खटला ते सांगतात. नोंदवहीत मालकी निर्विवाद होती, पण सरकारी रखवालदाराने जमीन वसाहतीला दिली ती सद्‌भावनेने दिली, म्हणून व्यवहार कायम ठरला! या ठिकाणी पुस्तक खाली ठेवून थोडे थांबावे लागते. तरीही शहादेह यांची भाषा कडवट होत नाही. दगडी मचाण, जुने बांध, थाइमचा वास, पावसाळी ओढे यांवर त्यांची नजर प्रेमाने फिरत राहते. शेवटच्या भटकंतीत ओढ्याकाठी त्यांना एक तरुण वसाहतकार भेटतो. दोघांत वाद होतो, कोणी कोणास पटवीत नाही, आणि तरी काही वेळ दोघे एकत्र हुक्का ओढीत बसतात. त्या तरुणालाही हे डोंगर मनापासून प्रिय आहेत, हे लेखकाला मान्य करावे लागते. एवढा प्रामाणिकपणा आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला.

वसाहतींतूनही असा आवाज उठला, हे न सांगता पुढे जाणे योग्य नव्हे. तकोवाचे रब्बी मेनाखेम फ्रोमन (१९४५–२०१३) गुश एमुनीमच्या आरंभीच्या मंडळींतले. भूमीवरील त्यांचे प्रेम अखेरपर्यंत तसूभर कमी झाले नाही, परंतु ते यासर अराफत यांना भेटले, हमासच्या शेख अहमद यासीन यांना भेटले, आणि पॅलेस्टिनी राज्य आले तर त्याचा नागरिक होऊन आपण येथेच राहू, असे म्हणत. भूमी महत्त्वाची, तिच्यावर झेंडा कोणाचा हे दुय्यम. यरुशलेमचे कर्मठ विचारवंत येशायाहू लेबोवित्स (१९०३–१९९४) यांचा मार्ग वेगळा. भूमीला पवित्र मानून तिच्यासाठी माणसावर राज्य करणे ही मूर्तिपूजा आहे, असे ते १९६७ च्या विजयानंतर लगेच बजावू लागले आणि मरेपर्यंत बजावीत राहिले. लेवीयाच्या पुस्तकात परमेश्वर भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याकडे पाहुणे आहात, असे सांगतो, ते या दोघांनी आपापल्या परीने ऐकले होते.

आपल्या लोकांना आणखी एक विनंती. हे वाचून यहुदी जातीविषयी जुनी अढी मनात जागी होऊ देऊ नये. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती अढी स्पष्ट शब्दांत धिक्कारली. अलिबाग-पेणकडचे शनवार तेली, आपले बेने इस्राएल शेजारी, १९४८ नंतर इस्राएलला गेले ते बहुतांशी नव्या औद्योगिक गावांत कष्ट करावयास. उलट मणिपूर-मिझोराममधून गेलेल्या, आणि एका पिढीपूर्वी ख्रिस्ती असलेल्या, बेने मेनाशेपैकी अनेक कुटुंबांना किर्यात आर्बासारख्या वसाहतींत घरे देण्यात आली. हा खेळ कोणी मांडला आणि सोंगट्या कोण झाले, हे ओळखले पाहिजे. आणि वसाहतकारांचेही रक्त सांडले आहे. २०११ मध्ये इतामार येथे आई, वडील आणि तीन लेकरे झोपेत मारली गेली, तो पातकी प्रकार कोणत्याही अन्यायाने क्षम्य होत नाही.

ओफ्रापासून थोड्याच अंतरावर तायबेह नावाचे गाव आहे. पश्चिम किनाऱ्यावरील संपूर्ण ख्रिस्ती असे हे अखेरचे गाव. तेथे लॅटिन, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि मेल्काइट अशी तीन मंडळींची चर्चे आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात लाजराला उठविल्यानंतर प्रभू ज्या एफ्राईम गावी जाऊन राहिला, ते हेच, अशी परंपरा आहे. आणि शास्त्रातील ओफ्रा म्हणजेही हेच तायबेह, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे वसाहतीने नाव घेतले ते या ख्रिस्ती गावाचेच प्राचीन नाव! मे २०२३ मध्ये जवळच्या ऐन सामिया येथील मेंढपाळ कुटुंबे वसाहतकारांच्या जाचाला कंटाळून निघून गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्राएलमध्ये केलेल्या संहारानंतरच्या दिवसांत वादी अस-सीकची वस्तीही उठली. जुलै २०२५ मध्ये तायबेहातील संत जॉर्जच्या प्राचीन चर्चच्या अवशेषांजवळ आग लागली. गावच्या धर्मगुरूंनी वसाहतकारांना जबाबदार धरले, आणि काही दिवसांतच कार्डिनल पिझ्झाबाल्ला व ग्रीक कुलगुरू थिओफिलोस तिसरे इतर चर्चप्रमुखांसह तेथे गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा ताबाच बेकायदेशीर असल्याचे मत दिले होते. त्याने तायबेहच्या शेतांवरची आग थांबली नाही.

ज्यांना यांतील एकच पुस्तक वाचणे शक्य आहे त्यांनी शहादेह यांचे वाचावे. दोन वाचता येतील तर ग्रॉसमन यांचे त्यानंतर घ्यावे. ओझ यांचे मात्र या दोन्हींच्या मागून वाचावे, म्हणजे ओफ्राच्या सभागृहातील ती रिकामी खुर्ची वाचकाने आपणच भरलेली असेल, आणि त्या भाषणातील चांगले शब्द ज्याच्या कानी पडावयास हवे होते, तो शेतकरीही ते ऐकत बसलेला दिसेल.